पत्र्यावरचा पाऊस आणि लेझरची टपटप

आमच्या चाळीच्या गॅलरीवर पत्रा आहे. जूनमध्ये पहिले थेंब पडतात तेव्हा टप... टपटप... असे सुटे सुटे ऐकू येतात आणि मग जोर धरला की नुसता धो धो, एकेक थेंब वेगळा काढताच येत नाही. प्रकाशाचंही असंच आहे. लेझर सलग दिसतो पण येतो फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, थेंबांनी, कधी दोन जास्त, कधी दोन कमी, आणि ही खरखर मशीनची नाही, निसर्गाचीच आहे.

ती नडते लायगोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच ताणत-दाबत जाणारे तरंग) लेझरने टिपणाऱ्या यंत्रांना. अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत, प्रत्येकाचे दोन हात ४-४ किलोमीटरचे, आणि गुरुत्वीय लहर आली की त्यांची लांबी बदलते ती प्रोटॉनच्या (अणूच्या गाभ्यातल्या कणाच्या) हजाराव्या भागापेक्षाही कमी! हा बदल लेझरने मोजायचा. मग लेझर वाढवा ना? वाढवला की टपटप बुजते खरी, पण तेच फोटॉन हातांच्या टोकांवरच्या ४० किलोच्या आरशांवर आपटून आरसेच हलवतात. इकडे आड तिकडे विहीर.

१९८१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्लटन केव्ह्ज यांनी जे दाखवलं ते मला आजही भन्नाट वाटतं. यंत्राच्या ज्या बाजूने आपण काहीच प्रकाश सोडत नाही तिथूनही रिकाम्या पोकळीतही उरणारी क्वांटम थरथर आत शिरते, खरा गोंधळ तिचाच. ती घालवता येत नाही, पण कणकेचा गोळा दाबला की एकीकडून चपटा होतो आणि दुसरीकडे पसरतो, कणीक तेवढीच, तसं हिचं करता येतं. खास क्रिस्टलमध्ये हिरवा लेझर सोडला की एका हिरव्या फोटॉनचे दोन इन्फ्रारेड जुळे होतात, त्यांच्या जोडीमुळे थरथर आपल्याला हव्या त्या बाजूने दबते, आणि अशी दाबलेली थरथर त्याच बाजूने आत सोडायची.

लायगोने २०१९ पासून हे नेहमीसाठी सुरू केलं आणि लहरी सापडायच्या प्रमाणात एका यंत्रात ५० टक्क्यांपर्यंतची वाढ झाली. पण उंच सुराच्या, म्हणजे भरभर कंप पावणाऱ्या, लहरींना टपटप नडते, खालच्या सुराला आरशाचे धक्के, म्हणजे दाबायची बाजू सुरागणिक बदलायला हवी. त्यासाठी २०२३ मध्ये ३०० मीटरची वेगळी नळी जोडली, ती हे काम आपोआप करते.

असंच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. आमच्या मजल्यावरचे काका तिकडचेच, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "रात्री आमच्याकडे खरंच काही आवाज नसतो रे." मी म्हटलं, काका, जमीनही तिकडे कमी थरथरते, म्हणून तर ती जागा निवडली.