बालअपस्मारातील मेंदूचे प्रतिमाचित्रण

लहान मुलांना येणाऱ्या आकडीमागे मेंदूत काही दोष आहे का, असल्यास नेमका कुठे, हे एमआरआय, पेट, स्पेक्ट, मेग अशा तंत्रांनी शोधण्याची पद्धत आणि तिच्याभोवती उभे राहिलेले संशोधन. अपस्मार (फेफरे, मिरगी) जगभरात सुमारे ५ कोटी लोकांना आहे आणि अनेकांना तो बालपणीच सुरू होतो. जवळपास एकतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांना दाद देत नाहीत. प्रतिमाचित्रणाचा खरा कस लागतो तो अशा मुलांच्या बाबतीत, कारण दोषाची जागा सापडली तर शस्त्रक्रियेचा मार्ग खुला होतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत औषधांना न जुमानणारा अपस्मार असलेल्या ११६ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्या गटातली ७७ टक्के मुले वर्षभरानंतर झटक्यांपासून मुक्त होती, तर केवळ औषधांवर असलेल्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते.

प्रतिमेत अपस्मार दिसत नाही. दिसला तर त्याला कारणीभूत असणारा दोष दिसतो. निदान होते ते झटक्याच्या वर्णनावरून आणि ईईजीवरून, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखावरून. पालकांनी मोबाइलवर टिपलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत कित्येकदा महागड्या स्कॅनपेक्षा जास्त सांगून जाते. काही सेकंद टक लावून थांबणाऱ्या, ईईजीत सेकंदाला तीन या गतीचे नमुनेदार तरंग दाखवणाऱ्या मुलाचा एमआरआय बहुधा अगदी सर्वसाधारण येतो आणि तो काढण्याची गरजही सहसा नसते.

मानवी मेंदूच्या ईईजीवरचा पहिला निबंध हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या क्ष-किरणांवर चालणाऱ्या सीटी यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद दाखवला. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांच्या १९७० च्या दशकातल्या कामातून पुढे एमआरआय आला. क्ष-किरणांचा मारा टाळता येतो आणि मेंदूतला करडा व पांढरा भाग वेगळा दिसतो, म्हणून मुलांसाठी तोच मुख्य आधार ठरला. सीटी आज तातडीच्या प्रसंगी किंवा कॅल्शियमचे साठे शोधण्यासाठी वापरतात.

वयानुसार बदलणारी प्रतिमा. मोठ्यांच्या मेंदूवर बेतलेले निकष मुलांना लावता येत नाहीत. जन्मावेळी पांढऱ्या भागातील तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे वेष्टन फारसे नसते. त्यात पाणी जास्त असते. त्यामुळे अर्भकाच्या एमआरआयमध्ये करड्या आणि पांढऱ्या भागांची छटा प्रौढांच्या तुलनेत उलटी दिसते. मायलिन चढत जाते तशी ही छटा पालटते. मधल्या काळात, साधारण सहाव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंत, दोन्ही भाग जवळजवळ एकसारखे दिसतात आणि त्यांची सीमारेषा पुसट होते. नेमकी ती सीमारेषाच अपस्माराच्या सर्वांत महत्त्वाच्या दोषाची खूण असते. परिणामी सहा महिन्यांच्या आतल्या बाळात दिसलेला दोष ते वर्षभराचे झाल्यावर नाहीसा झाल्यासारखा वाटू शकतो आणि अडीच वर्षांच्या सुमारास पुन्हा उठून दिसू शकतो. ‘एमआरआय नॉर्मल’ हा शेरा या वयात तात्पुरताच मानायला हवा. झटके थांबत नसतील तर मायलिन पूर्ण होत आल्यावर पुन्हा स्कॅन काढतात.

हा दोष म्हणजे फोकल कॉर्टिकल डिस्प्लाझिया : गर्भावस्थेत मेंदूचे बाह्यपटल घडताना एका ठिकाणी पेशींची मांडणी बिघडणे. त्याचे पहिले सविस्तर वर्णन १९७१ मध्ये टेलर आणि सहकाऱ्यांनी केले. काही प्रकारांत तो मेंदूच्या घडीच्या तळाशी, बोराएवढ्या जागेत दडलेला असतो. रेडिओलॉजिस्ट शोधतो त्या खुणा बारीक असतात : बाह्यपटल किंचित जाड, त्याखालची कड धूसर आणि कधी तिथून मेंदूच्या पोकळीकडे निमुळती होत जाणारी फिकट रेघ. पाच मिलिमीटर जाडीचे छेद घेतले तर हे सगळे दोन छेदांच्या मध्ये हरवते. म्हणून आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१९ मध्ये सुचवलेल्या ‘हार्नेस’ पद्धतीत एक मिलिमीटरचे त्रिमितीय चित्रण पायाभूत मानले आहे. ईईजीचा अहवाल समोर ठेवून तोच स्कॅन अनुभवी नजरेने पुन्हा वाचला, तर आधी ‘नॉर्मल’ म्हटलेल्या प्रतिमेतही दोष सापडतो, हा अपस्मार केंद्रांचा नेहमीचा अनुभव आहे.

संगणकीय वाचन इथे उपयोगी पडते. ‘मेल्ड’ या बहुकेंद्री प्रकल्पाने बाह्यपटलाची जाडी, घड्यांची खोली, कडेचा धूसरपणा ही मापे वापरून असे दोष ओळखणारी प्रणाली घडवली. डॉक्टरांच्या नजरेतून निसटलेल्या दोषांपैकी ६४ टक्के तिने पकडल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडा मोठा आहे, पण प्रणाली नसलेले दोषही दाखवते. तिने खूण केलेली जागा झटक्यांच्या स्वरूपाशी आणि ईईजीशी जुळते का, हे पाहण्याचे काम माणसाकडेच राहते.

कार्य दाखवणारी तंत्रे. पेट स्कॅनमध्ये मेंदू ग्लुकोज किती वापरतो ते कळते. हॅरी चुगानी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले की हा वापर तीन-चार वर्षांच्या वयात प्रौढांच्या दुपटीवर जातो, नऊ-दहा वर्षांपर्यंत चढा राहतो आणि मग हळूहळू उतरतो. १९९० मध्ये त्यांनीच अर्भकांच्या शरीराला हिसके देणाऱ्या आकडीच्या, म्हणजे इन्फंटाइल स्पाझमच्या, काही मुलांमध्ये बाह्यपटलाचा एकच भाग मंदावलेला आढळल्याचे मांडले. सगळा मेंदू गुंतल्यासारखे दिसणारे झटकेही एका जागेतून उगवू शकतात, हे त्यातून पुढे आले आणि अशा काही बाळांसाठी शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला.

झटका चालू असतानाची प्रतिमा हवी असेल तर मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारे स्पेक्ट वापरतात. मूल व्हिडिओ-ईईजीला जोडलेले असते, शिरेत सुई आधीच लावलेली असते आणि किरणोत्सारी द्रव्य भरलेली सिरिंज घेऊन परिचारिका खाटेशेजारी ताटकळत बसते. झटका सुरू होताच काही सेकंदांत द्रव्य सोडावे लागते. मुलांचे झटके आखूड असतात. उशीर झाला तर उगमाऐवजी झटका जिथवर पसरला ती जागा उजळते.

फंक्शनल एमआरआयने भाषा आणि हालचालींची केंद्रे नकाशावर येतात. लहानपणीच डाव्या मेंदूला इजा झाली असेल तर भाषा उजवीकडे सरकलेली असू शकते. शस्त्रक्रियेआधी ते माहीत असणे अत्यावश्यक आहे. मेंदूतली चुंबकीय स्पंदने टिपणाऱ्या मेग यंत्राची अडचण वेगळीच. द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेले त्याचे टणक शिरस्त्राण प्रौढांच्या मापाचे असते आणि लहान डोके त्यात सैल पडते. २०१८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी डोक्यावर घालता येणारे, हालचाल चालवून घेणारे मेग दाखवले. मुलांच्या दृष्टीने हे पाऊल यंत्राची ताकद वाढवण्यापेक्षा मोलाचे वाटते.

कारण शेवटी घोडे अडते ते स्थिर पडून राहण्यावर. एकेक चित्रमालिका कित्येक मिनिटे चालते आणि मान जरा वळली तरी बारीक दोष पुसला जातो. तान्ह्या बाळाला पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपेत स्कॅन घेतात. जाणत्या मुलाची खोट्या यंत्रात तालीम घेतात, आवाज ऐकवतात. मधल्या वयाला बहुधा गुंगीचे औषध किंवा भूल द्यावी लागते. म्हणूनच दोन-तीन वर्षांच्या निरोगी मुलांच्या प्रतिमा तुलनेसाठी कमी मिळतात.

दोष आधी की झटके आधी, हा जुना वाद आहे. तापात लांबलेल्या झटक्यानंतर लगेच एमआरआय काढलेल्या काही मुलांमध्ये हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित मेंदूचा भाग सुजलेला दिसला आणि पुढच्या तपासणीत त्यांतल्या अनेकांचा तो आक्रसून कडक झालेला आढळला. किमान या मुलांच्या बाबतीत व्रण झटक्यानंतर उमटला, असे मानायला त्यामुळे आधार मिळतो.

इतर विकार. ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय विकारात अडचण उलटी असते : गाठी अनेक दिसतात, त्यांतली झटके उठवणारी कोणती हे ठरवावे लागते. जन्मावेळी प्राणवायू कमी पडलेल्या बाळाच्या मेंदूतली इजा डिफ्यूजन एमआरआयमध्ये पहिल्या काही दिवसांत ठळक दिसते. आठवड्यानंतर तीच प्रतिमा फसवी सामान्य भासू लागते. मेंदूचा पांढरा भाग नासवणाऱ्या ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजाराची जनुकीय खूण असलेल्या मुलग्यांचा मेंदू तर लक्षणे नसतानाच ठरावीक अंतराने तपासतात. पांढऱ्या भागात पहिला डाग उमटल्यावर लगेच मूलपेशींचे रोपण झाले तर आजार रोखता येण्याची शक्यता असते. चालणे-बोलणे बिघडल्यावर केलेल्या रोपणाचा फायदा फारच कमी होतो.