प्रतिभाताई पाटील 'थेट' राष्ट्रपती झाल्या का?

'प्रतिभाताई घरात होत्या, दिल्लीने नेमलं आणि झाल्या राष्ट्रपती.' जळगावच्या पारांवर हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते दोन्हीकडून चूक आहे.

नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई 1962 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी, जळगावातून आमदार झाल्या. पुढे एदलाबादने (आजचं मुक्ताईनगर) त्यांना सलग चार वेळा निवडून दिलं. राज्यात मंत्रिपद, विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचं उपसभापतिपद, 1991 ला अमरावतीची खासदारकी, 2004 पासून राजस्थानचं राज्यपालपद. एवढ्यानंतर 2007 मध्ये राष्ट्रपतिपद. याला 'थेट' म्हणणं हा आपल्याच मतदारांचाही अपमान आहे.

आता 'नेमलं'. पक्ष उमेदवारी देतो, राष्ट्रपती मात्र खासदार-आमदारांच्या गुप्त मतदानातून निवडला जातो. गोंधळ होतो तो मतमूल्यामुळे, म्हणजे एकेक मत किती मतांएवढं मोजायचं यामुळे. 1971 ची राज्याची लोकसंख्या, सुमारे 5 कोटी 4 लाख, भागिले 288 आमदार, पुन्हा भागिले 1000: महाराष्ट्राच्या एका आमदाराचं मत 175 चं. खासदाराचं तेव्हा 708 चं. म्हणून बेरीज लाखांत जाते आणि लोकांना ती जनतेची मतं वाटतात. समोर विद्यमान उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत होते. म्हणजे लढत नावापुरती नव्हती. प्रतिभाताईंना 6,38,116, शेखावतांना 3,31,306. शपथ झाली 25 जुलै 2007 रोजी.