मेरीवर शेण फासलं होतं?

ख्रिस ओफिली या ब्रिटिश चित्रकाराने येशूची आई मेरी हिच्या चित्रावर हत्तीचं शेण फासलं, ही गोष्ट 1999 पासून फिरते आहे. ब्रुकलिन म्युझियममध्ये चित्र लागलं आणि न्यूयॉर्कचे महापौर जुलियानी अनुदान तोडायला निघाले. न्यायालयाने त्यांना रोखलं.

मुळात शेण फासलेलं नाहीच. 1996 च्या या चित्रात काळी मेरी निळ्या वस्त्रात, सोनेरी-पिवळ्या झळाळीत उभी आहे. वाळवलेला शेणाचा एकच गोळा तिच्या एका स्तनाच्या जागी बसवलाय. आणखी दोन गोळे चित्राच्या पायाशी, त्यांवर रंगीत टाचण्यांनी तिचं नाव लिहिलेलं. ओफिली मँचेस्टरचा, नायजेरियन वंशाचा आणि कॅथलिक घरात वाढलेला. शेणाची कल्पना त्याला 1992 च्या झिम्बाब्वे भेटीत सुचली. पुढे त्याने कितीतरी चित्रं अशाच गोळ्यांवर उभी केली, ज्यांचा मेरीशी काही संबंध नाही. (शेणानं अंगण सारवणाऱ्यांना यात अपमान दिसायचं तसं कारण नाही.)

आक्षेप घ्यायचाच तर मेरीभोवती चिकटवलेल्या अश्लील मासिकांतल्या कात्रणांवर घेता येईल. तो वाद खरा आहे. पण फासाफाशी केली ती एका संतापलेल्या प्रेक्षकाने, डिसेंबर 1999 मध्ये, पांढऱ्या रंगाने. चित्र नंतर स्वच्छ झालं.