कोणता ब्राउझर बॅटरी कमी खातो?

मोबाईल दुरुस्तीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

"क्रोम फार बॅटरी खातं म्हणे, दुसरं काहीतरी टाकून द्या ना." बॅटरी बदलायला येणारे बरेच ग्राहक हे हमखास म्हणतात. टाकून देतो, त्याचे पैसेही घेत नाही. पण आधी हा कागद वाचा. नुसता ब्राउझर बदलून जो फरक पडतो, तो बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी असतो.

नावं वेगळी असली तरी आतला माल बराचसा एकच आहे. अँड्रॉइडवर क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि सॅमसंग इंटरनेट हे सगळे क्रोमियम या गूगलच्या खुल्या सांगाड्यावर बांधलेले आहेत. पान वाचून पडद्यावर मांडणारं त्यांचं इंजिन एकच, ब्लिंक. फायरफॉक्सचं तेवढं वेगळं, गेको. आयफोनवर तर वादच नको. तिथे क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आपल्याकडे आत सफारीचं वेबकिटच चालतं, कारण ॲपलचा तसा नियम आहे. (युरोपीय संघात २०२४ मध्ये सूट मिळाली.) त्यामुळे आयफोनवाल्यांनी बॅटरीसाठी ब्राउझर बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

मग बॅटरी जाते कुठे? पडद्याच्या उजेडात, नेटवर्कशी बोलण्यात आणि पानात भरलेले प्रोग्रॅम चालवण्यात. यातला शेवटचा खर्च लोकांच्या लक्षातच येत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ साली अँड्रॉइड फोनवर तो मोजला होता. विकिपीडियाच्या मोबाईल पानातल्या स्क्रिप्ट (म्हणजे हेच प्रोग्रॅम) सुधारल्या, तर पान उतरवून दाखवायला लागणारी ऊर्जा ३० टक्क्यांनी कमी झाली आणि वाचणाऱ्याला काहीच फरक जाणवला नाही. ब्राउझर तोच, फोन तोच, फक्त पान हलकं झालं. विकिपीडियावर तर जाहिरातीही नसतात!

आता एखादी चार ओळींची बातमी उघडा. वर जाहिरातीची पट्टी, मध्येच आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, तळाशी चिकटून बसलेली आणि थोड्या थोड्या वेळाने बदलणारी दुसरी जाहिरात. तुम्ही बातमी वाचून विचार करत बसलात तरी फोनचं काम चालूच असतं. मोबाईल डेटावर हे जास्त महाग पडतं. काम झालं की फोनचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, लगेच झोपत नाही, काही सेकंद जागाच राहतो, आणि तेवढ्यात पुढची जाहिरात मागवली जाते. रेंज कमी असेल तर टॉवरपर्यंत पोचायला तो आणखी जोर लावतो. घाटातल्या एसटीत फोन गरम होतो तो यामुळेच.

म्हणून आमच्या मते ब्राउझर निवडताना एकच गोष्ट बघावी, ती म्हणजे तो जाहिराती अडवतो का. ब्रेव्ह हे काम स्वतःच करतो. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकावं लागतं. सॅमसंग इंटरनेट आणि आयफोनवरच्या सफारीत त्यासाठी वेगळं ब्लॉकर ॲप बसवता येतं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोय नाही, तिथे तो मागे पडतो. रोज वाचता त्या वर्तमानपत्राला मात्र यातून सूट द्या. त्यांचंही पोट त्याच जाहिरातींवर आहे.

ऑपेरा मिनीची गोष्ट वेगळी. तो पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर उतरवून, बारीक करून मग फोनकडे पाठवतो. नेट अडखळत असेल तर उत्तम. पण सर्वांत जास्त बचतीच्या सेटिंगवर बँकेचं काम करू नका, कारण त्यात तुमचा मजकूर मधल्या सर्व्हरवर उघडला जातो.

डार्क मोडबद्दल (पडद्याची काळी पार्श्वभूमी) थोडक्यात: एलसीडी पडदा असेल तर बॅटरीच्या दृष्टीने काही उपयोग नाही, कारण मागचा दिवा जळतच राहतो. ओएलईडी किंवा ॲमोलेड असेल (त्यात मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) तर होतो, पण किती ते उजेडावर आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये काही ॲपवर मोजलं. पूर्ण उजेडावर ३९ ते ४७ टक्के बचत, ३० ते ५० टक्के उजेडावर जेमतेम ३ ते ९. भर उन्हात हिंडणाऱ्यांनी लावावा.

कोणता ब्राउझर कमी बॅटरी खातो हे स्वतः मोजून बघायचं असेल तर जरा शिस्तीत मोजा. ५००० एमएएचच्या (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरीत १ टक्का म्हणजे ५० एमएएच, आणि फोन पूर्ण आकडेच दाखवतो. अर्ध्या तासात एकात ४ आणि दुसऱ्यात ५ टक्के गेले, तर त्यावरून काहीच ठरत नाही. प्रत्येकाला निदान तासभर द्या. उजेड आपोआप कमीजास्त होणं बंद करा, जागा आणि वायफाय तेच ठेवा, पानंही तीच उघडा. दोन्ही ब्राउझरचा जुना साठा (कॅशे) आधी पुसा, नाहीतर रोजच्या ब्राउझरला निम्मं पान फोनमध्येच तयार मिळतं आणि नव्यावर अन्याय होतो. सुरुवात १०० वरून नको, बऱ्याच फोनमध्ये तो आकडा उगाच रेंगाळतो. दोन्ही वेळा ८० वरून सुरू करा.

सेटिंग्जमधली बॅटरीची यादी वाचतानाही फसायला होतं. तिथे क्रोमपुढे ३० टक्के दिसले, तर ते बऱ्याच फोनमध्ये खर्च झालेल्या बॅटरीचे असतात, पूर्ण बॅटरीचे नव्हेत. दिवसातले तीन तास तुम्ही क्रोममध्येच असाल तर तो वर दिसणारच. उलट फेसबुकमध्ये दाबलेली लिंक बहुधा फेसबुकच्याच पोटात उघडते आणि तो खर्च फेसबुकच्या नावावर पडतो.

आणखी एक. "तुमचा फोन धोक्यात आहे" किंवा "बक्षीस लागलं" असे संदेश दिवसभर येत असतील, तर बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटवर तुम्ही नोटिफिकेशनला परवानगी दिलेली असते, आणि प्रत्येक संदेशाला फोन जागा होतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन उघडून अनोळखी साइट बंद करा. जमत नसेल तर काउंटरवर सांगा, लगेच करून देतो. बॅटरी वाचवणारी ॲप टाकली असतील तर तीही काढा.

एवढं करूनही फोन संध्याकाळपर्यंत टिकत नसेल तर बॅटरी म्हातारी झाली असेल. तेव्हा दुकानात या. येण्याआधी, फोन चार्जिंगला लावायच्या आत, बॅटरीच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. काही फोनमध्ये पूर्ण चार्ज झाला की ती यादी पुसली जाते, आणि मग आम्हाला अंदाजाने काम करावं लागतं.