पाय दुखतायत की पायांत बळ नाही?

पावसाळा सरता सरता बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणीकडच्या घरांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "ताप गेला, पण पाय चालेनात." चिकनगुनिया होऊन गेलेल्या माणसाने असं म्हटलं तर कुणाला नवल वाटत नाही. 2006 च्या साथीत कर्नाटकात लाखो लोकांना तो झाला आणि कित्येक जण भिंत धरून चालत होते. पण याच वाक्यामागे क्वचित दुसरंच दुखणं असतं, गियाँ-बारे सिंड्रोम. पेपरात येतं ते जीबीएस.

चिकनगुनियाचं दुखणं सांध्यांचं. घोटे, मनगटं, बोटं सुजतात, सकाळी आखडतात, जरा हालचाल झाली की सैल पडतात. पाय उचलत नाही तो कळ येते म्हणून. ताकद जागच्या जागी असते. महिनोन्‌महिने छळतं, पण सहसा जिवावर बेतत नाही.

जीबीएस नसांचा. विषाणूवर उठलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. ताप उतरून काही दिवस, कधी तीन-चार आठवडे झाले की तळपायांना मुंग्या येतात. मग दोन्ही पाय सारखेच ढिले पडतात आणि ते ढिलेपण वर चढत जातं. उकिडवं बसलेल्याला उठता येत नाही. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात, पाय उडत नाही. यात कंबरही दुखू शकते, म्हणून "दुखतंय म्हणजे सांधेच" हा हिशेब फसतो. एका दमात वीसपर्यंत अंक मोजता येईनात, घास गिळताना ठसका लागू लागला, तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही, रात्रीच इस्पितळाकडे निघायचं. श्वासाचे स्नायू थकले की व्हेंटिलेटर लागतो.

(2025 च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले, त्यात बोट होतं पाण्याकडे, डासांकडे नव्हे. डासाच्या वाटेने येऊन जीबीएस मागे ठेवणाऱ्या विषाणूंत झिकाचं नाव मोठं. 2013-14 मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात झिकाच्या साथीत जीबीएसचे रुग्ण वाढलेले दिसले.)

उपचारही वेगळे. सांध्यांना विश्रांती आणि पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत इतर वेदनाशामक नकोत. जीबीएसला इम्युनोग्लोब्युलिनची (रक्तातल्या प्रतिपिंडांची) सलाईन किंवा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलणं, तेही पाय ढिले पडू लागल्यापासून शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी त्यात काही साधत नाही.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे भाषा. ड्युटीवरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असले की आपण घाईत "कालु नोवु" म्हणून मोकळे होतो. नोवु म्हणजे दुखणं. लिहून मिळते दुखण्याची गोळी. पाय लुळे पडत असतील तर म्हणायचं, "कालाग शक्ति इल्ल," म्हणजे पायांत बळ नाही.