आधी लय, मग सम: रेडिओ संदेशाच्या पहिल्या काही बिट्सची गोष्ट

पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ४३३ मेगाहर्ट्‌झचे ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडीने मिळतात. इंजिनिअरिंगच्या मुलांचे कितीतरी प्रोजेक्ट त्यांच्यावर उभे असतात. त्यातला स्वस्तातला रिसीव्हर घ्या, ट्रान्समीटर बंदच ठेवा आणि रिसीव्हरच्या डेटा पिनवर ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र, लावा. पडद्यावर शून्य-एकांची नुसती झुंबड दिसेल. सिग्नल नसला की हा रिसीव्हर आपला गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, वाढवत नेतो आणि शेवटी नॉइज, म्हणजे नुसता गोंगाटच, बिट्स म्हणून बाहेर टाकू लागतो.

खरा संदेश येतो तो या झुंबडीतूनच. तो ओळखू यावा म्हणून त्याच्या पुढे काही ठरावीक बिट्स जोडतात, तो प्रिअँबल. बरेच जण तिथे हाताला येईल तो नमुना घालून मोकळे होतात आणि मग संदेश का हरवतात याचा शोध कोडमध्ये घेत बसतात. खरं तर जरा वेळ द्यावा तो या निवडीलाच, कारण प्रिअँबलकडून दोन कामं करून घ्यायची असतात आणि दोन्हींच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत.

पहिलं काम रिसीव्हरला स्थिरावण्याचं. गेन जागेवर यायला हवा, शून्य आणि एक यांच्यामधली सीमारेषा ठरायला हवी आणि एक बिट किती वेळ टिकतो हे घड्याळाला कळायला हवं. त्यासाठी १०१०१०१० याच्याइतका सोयीचा नमुना नाही. प्रत्येक बिटला सिग्नल पलटतो, त्यामुळे घड्याळ जुळवायला दर वेळी नवी संधी मिळते. आणि शून्य-एक समसमान असल्यामुळे सरासरी आपोआप मधोमध येते.

पण हा नमुना दोन बिट सरकवला की पुन्हा तसाच दिसतो. आपण त्यात नेमके कुठे आहोत हे त्यावरून कळत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात मैफल रंगात असताना मंडपात शिरलेल्याला लय चटकन सापडते, सम मात्र लगेच सापडत नाही, तसंच हे. सम दाखवणं, म्हणजे संदेश नेमका कुठे सुरू होतो ते सांगणं, हे दुसरं काम. त्याला वेगळा तुकडा लागतो, सिंक वर्ड. तो स्वतःच्या सरकवलेल्या रूपाशी शक्य तितका कमी जुळला पाहिजे.

असे नमुने संशोधक आर. एच. बार्कर यांनी १९५३ मध्ये मांडले. त्यातला सात बिटांचा नमुना आहे १११००१०. कागद-पेन्सिल घेऊन हे करून बघाच. त्याच्या आधी १०१०१०१० लिहा. आता सात बिटांची खिडकी डावीकडून एकेक बिट सरकवत न्या. बिट जुळला तर अधिक एक, नाही जुळला तर उणे एक धरून बेरीज करा. खिडकी अर्धी प्रिअँबलवर आणि अर्धी सिंक वर्डवर असतानाही बेरीज १ किंवा उणे १ एवढीच राहते. शेवटच्या जागी ती एकदम ७ होते. हा उभा कडा किती देखणा आहे! रिसीव्हरला नेमका तोच हवा असतो.

याउलट संगणक तारेने जोडणाऱ्या इथरनेटमध्ये सात बाइट १०१०१०१० आणि त्यामागून १०१०१०११ येतं. दोन बिट अलीकडे पाहिलं तर फरक फक्त एका बिटाचा. तारेत बिट क्वचितच बिघडतो, म्हणून ते निभावतं. हवेत एक बिट बिघडला की तेवढ्याने फसगत होते, म्हणून रेडिओसाठी हा नमुना उचलू नये.

लोहगावला उतरणारी विमानं १०९० मेगाहर्ट्‌झवर आपली ओळख आणि ठिकाण सांगत असतात. त्यांची युक्ती फार सुंदर आहे. आठ मायक्रोसेकंदांच्या प्रिअँबलमध्ये अर्ध्या मायक्रोसेकंदाचे चारच स्पंद असतात, ०, १, ३.५ आणि ४.५ या क्षणांना सुरू होणारे. पुढच्या डेटात प्रत्येक मायक्रोसेकंदात एक स्पंद असतोच, त्यामुळे तिथे सलग एक मायक्रोसेकंदापेक्षा मोठी पोकळी पडूच शकत नाही. प्रिअँबलमध्ये दोन आणि तीन मायक्रोसेकंदांच्या पोकळ्या आहेत. त्यामुळे डेटा काहीही असला तरी तो प्रिअँबलची हुबेहूब नक्कल करू शकत नाही.

राहिला लांबीचा प्रश्न. १३ पेक्षा लांब बार्कर नमुना आजवर सापडलेला नाही, त्यामुळे मोठे सिंक वर्ड संगणकाने शोधून काढावे लागतात. आणि ते लागतातच. सेकंदाला २४०० बिट्सचा नॉइज ऐकणाऱ्या रिसीव्हरला १६ बिटांचा शब्द सरासरी दर २७ सेकंदांनी निव्वळ योगायोगाने सापडतो. एका बिटाची चूक चालवून घेतली तर दीड-पावणेदोन सेकंदांनीच. प्रत्येक खोट्या हाकेमागे धावताना खरा संदेश निसटू शकतो. ३२ बिट घेतले तर दोन चुका माफ करूनही खोटी हाक साधारण ५६ मिनिटांतून एकदा येते आणि संदेशाच्या शेवटची सीआरसी, म्हणजे बिघडलेले बिट पकडणारी तपासणी, तिला बाहेर काढते. जादा १६ बिट पाठवायला लागतात जेमतेम सात मिलिसेकंद. शेतातला सेन्सर बॅटरीवर चालत असला तरी एवढा खर्च मी डोळे झाकून करेन.