ब्रेक धरून राहणे (जुन्या मोटारगाड्यांतील)

पेडलवरून पाय काढल्यावरही एका किंवा अनेक चाकांचा ब्रेक पूर्ण न सुटणे. द्रवचालित ब्रेक असलेल्या जुन्या गाड्यांत आढळणारा दोष. तो कायमचा असेल तर सापडायला वेळ लागत नाही. येथे विचार केला आहे तो अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषाचा. सकाळी गाडी मोकळी धावते. रहदारीत किंवा घाटउतारावर काही काळ चालली की ती जड होते, ड्रम (चाकाबरोबर फिरणारी, आतून ब्रेक लागणारी डबी) तापतो, लायनर (ब्रेकचा घासणारा थर) करपल्याचा वास येतो आणि गॅरेज गाठेपर्यंत सारे निवून चाक पुन्हा हाताने फिरू लागते. पुढील विवेचन मुख्यतः ड्रम ब्रेकच्या प्रीमियर पद्मिनी व जुन्या अँबॅसडर या गाड्या समोर ठेवून केले आहे. पद्मिनीचे उत्पादन २०००-०१ च्या सुमारास, तर अँबॅसडरचे मे २०१४ मध्ये थांबले.

पेडलचा जोर द्रवामार्फत चाकापर्यंत नेण्याच्या कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. ब्रिस्टलच्या अर्नेस्ट वॉल्टर वेट याने १९०८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये असे पेटंट घेतले होते. अमेरिकन लेखक मात्र श्रेय माल्कम लॉकहीड याच्या १९१७ च्या पेटंटला देतात. व्यवहारात रुळलेली रचना लॉकहीडपासून पुढे आली, हे मान्य करायला हरकत नसावी. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या मोटारीला चारही चाकांवर असे ब्रेक होते. आरंभीचे चामडी कप (पिस्टनपुढे द्रव अडवणाऱ्या वाट्या) गळत; क्रायस्लरने १९२४ मध्ये त्यांच्या जागी रबरी कप आणले. प्रस्तुत दोषाच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे, कारण गळती थांबली तरी रबर फुगण्याची शक्यता तेव्हापासून ब्रेकमध्ये आली.

मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या जोराने द्रवावर दाब आणणाऱ्या नळकांड्यात) पिस्टनच्या कपाच्या किंचित पुढे, एक मिलिमीटरहून कमी व्यासाचे एक छिद्र ब्रेक ऑइलच्या टाकीकडे उघडते. पेडल पूर्ण मागे आले की हे छिद्र उघडे राहायला हवे. तापून प्रसरण पावलेला द्रव त्यातूनच टाकीत परततो. पुशरॉडला (पेडलचा जोर पिस्टनला देणाऱ्या दांड्याला) खेळ उरला नसेल, ब्रेकलाइटचा स्विच पेडलला मागे येऊ देत नसेल किंवा कप फुगला असेल, तर छिद्र झाकले जाते. मग द्रव अडकतो, दाब वाढतो, शू (लायनर लावलेले कमानदार तुकडे) ड्रमला घासतात, घर्षणाने द्रव आणखी तापतो आणि दाब आणखी चढतो. गाडी थांबून निवली की द्रव आकसतो व दोष नाहीसा होतो. तापल्यावर येणारा आणि निवल्यावर जाणारा दोष बहुतेकदा या छिद्राशी निगडित असतो. छिद्रात सुई खुपसून ते मोठे करण्याचा उपाय अजूनही केला जातो. त्याने छिद्राची कड खरबरीत होऊन कप कापला जातो, म्हणून तो त्याज्य मानावा.

कप फुगण्याचे नेहमीचे कारण खनिज तेल. टाकीत चुकून इंजिन ऑइल ओतले गेले किंवा किट (रबरी भागांचा संच) बदलताना सिलिंडर डिझेलने वा रॉकेलने धुतला, तर रबर सुजते. टाकीच्या झाकणातील रबरी चकती ताणून फुगलेली, जागेवर न बसणारी दिसली की संशय घ्यावा. ग्लासभर पाण्यात टाकीतील थोडे ब्रेक ऑइल टाकून पाहता येते: ग्लायकोलयुक्त ऑइल विरघळते, खनिज तेलाचा तवंग वर राहतो. तवंग दिसला तर एखादे किट बदलून भागत नाही. सर्व रबरी भाग बदलून नळ्या धुवाव्या लागतात. ग्लायकोलयुक्त ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ (अमेरिकी परिवहन खात्याचे मानक) प्रतीच्या कोरड्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५° से., तर ओलावा शोषलेल्याचा १४०° से. ठरवला आहे. उकळण्याने पेडल मऊ पडते, हा वेगळा दोष. मात्र ओलाव्याने व्हील सिलिंडर (चाकातील शू ढकलणारे नळकांडे) गंजून पिस्टन अडकतो, तो याच नोंदीत बसतो.

एकच चाक धरत असेल तर चाकापर्यंत द्रव नेणाऱ्या लवचीक होज पाइपकडे बोट दाखवले जाते. पाइपच्या आतील अस्तराचा सुटलेला पदर एकदिशा झडपेसारखा वागतो, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार आतील रबर सुजून मार्ग नुसता अरुंद होतो. पायाचा जोर द्रवाला त्यातून सहज ढकलतो, परतीसाठी मात्र शूच्या स्प्रिंगांचा तोकडा दाबच असतो. चाक काही मिनिटांनी आपोआप सुटते, ही वस्तुस्थिती दुसऱ्या मताला अधिक जुळते. पाइप धरणारी लोखंडी पट्टी गंजून फुगल्याने पाइप चिमटला जाण्याचा प्रकारही होतो, आणि तो बाहेरून पाहताना सुटतो.

निदान दोष हजर असतानाच करावे लागते. सपाट जागी चाकांना ओटी (अडसर) लावून, जॅकवर एकेक चाक उचलून फिरवावे. ड्रमला हात लावू नये. चारही चाके जड असल्यास दोष पेडल ते मास्टर सिलिंडर या भागात असतो. यानंतर बरेच मेकॅनिक थेट चाकाचा निपल (हवा काढण्याचा स्क्रू) सैल करतात. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटले की दाब अडकला होता एवढे कळते. पण कोठे, याचा पुरावा त्या चिळकांडीबरोबर जातो आणि पुन्हा गाडी तापवून आणावी लागते. म्हणून वरून खाली येणारा क्रम अधिक ग्राह्य वाटतो. प्रथम मास्टर सिलिंडरचे नट सैल करून तो दोन-तीन मिलिमीटर पुढे घ्यावा. चाक सुटले तर पुशरॉडचा खेळ कमी आहे. न सुटल्यास दाब तसाच शिल्लक असतो, त्यामुळे पुढची पायरी घेता येते: मास्टर सिलिंडरच्या तोंडाची जोडणी, मग होजच्या वरची जोडणी, शेवटी निपल. ज्या ठिकाणी सैल करताच चाक मोकळे होते, त्याच्या लगेच वरच्या टप्प्यात अडथळा असतो. होजच्या वर काही झाले नाही आणि निपलने चाक सुटले, तर होज बदलावा. निपलनेही न सुटल्यास दोष यांत्रिक समजावा. जुने निपल गंजून मोडतात, तेव्हा गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी द्यावे. ऑइल रंग उडवते. सांडलेले लगेच पाण्याने धुवावे. शेवटी हवा काढणे ओघाने आलेच.

यांत्रिक कारणांत शूच्या थकलेल्या स्प्रिंगा, बॅकप्लेटवर (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावर) शू टेकतात तेथे पडलेल्या खाचा आणि मागील चाकांबाबत हँडब्रेकची गंजलेली केबल येतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून उभी ठेवलेली गाडी निघताना अडते, ते केबलमुळे किंवा ड्रमला चिकटलेल्या लायनरमुळे. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे घेण्याचे काम चौकोनी छेदाची रबरी रिंग करते. तेथे रिंग कडक होणे व कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना अडकणे ही प्रमुख कारणे होत. ड्रम काढून डिस्क बसवलेल्या गाडीत ड्रमसाठीचा, पेडल सोडल्यावरही नळीत थोडा शेषदाब राखणारा व्हॉल्व्ह तसाच राहिल्यास पॅड सतत घासतात. सैल वा कोरडे पडलेले बेअरिंगही चाक तापवते. ते ब्रेकच्या दोषात मोजले जात नाही.